‘पर्यंत’ला इंग्रजीत काय म्हणायचं? अंटिल की बाय द टाइम?

मराठीत ‘पर्यंत’ या एका शब्दावर भागतं. ‘मी येईपर्यंत थांब’ म्हणा किंवा ‘मी येईपर्यंत एसटी निघून गेली होती’ म्हणा, शब्द तोच. इंग्रजीत मात्र इथे दोन शब्द लागतात, आणि बोर्डाच्या पेपरपासून नोकरीच्या मेसेजपर्यंत गडबड इथेच होते.

काम त्या वेळेपर्यंत चालू राहत असेल तर अंटिल: ‘वेट अंटिल आय कम.’ काम त्याआधीच उरकलं असेल तर बाय द टाइम: ‘बाय द टाइम आय रीच्ड, द बस हॅड लेफ्ट.’ एसटी काही पोहोचेपर्यंत निघतच राहिली नव्हती, म्हणून इथे अंटिल चालत नाही.

घड्याळ किंवा वार आला की बाय द टाइमऐवजी नुसतं बाय. ‘सबमिट द फॉर्म बाय फाइव्ह’ म्हणजे पाचच्या आत कधीही द्या. ‘द ऑफिस इज ओपन अंटिल फाइव्ह’ म्हणजे पाचपर्यंत सुरू. साहेबांनी सोमवारपर्यंत काम मागितलं आणि ‘आय विल डू इट अंटिल मंडे’ असं उत्तर गेलं, तर अर्थ होतो की सोमवारपर्यंत करीन, मग सोडून देईन! तिथे ‘बाय मंडे’च हवं.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘नाही’. ‘डॉक्टर सांगत नाहीत तोपर्यंत गोळी बंद करू नका’ या वाक्यात मराठीत नकार दोनदा येतो. इंग्रजीत एकदाच: ‘डोन्ट स्टॉप द टॅब्लेट अंटिल द डॉक्टर टेल्स यू.’ अंटिलच्या पोटातच तो दुसरा ‘नाही’ आहे. त्यामुळे ‘अंटिल द डॉक्टर डझ नॉट टेल यू’ लिहिलं की वाक्य बिघडलं. पुढची गोष्ट असली तरी अंटिलनंतर विलसुद्धा लावत नाहीत. ‘अंटिल ही विल कम’ नव्हे, ‘अंटिल ही कम्स’.

टिल आणि अंटिलचा अर्थ एकच. स्पेलिंग मात्र बघून लिहावं: टिलला शेवटी दोन एल, अंटिलला एकच. मार्क इथेही जातात.

आणि ‘जोपर्यंत’सोबत ‘नाही’ नसेल तर? ‘जोपर्यंत लाइट आहे, तोपर्यंत मोटार चालेल.’ इथे अंटिल बसत नाही, अॅज लाँग अॅज लागतं: ‘द मोटर विल रन अॅज लाँग अॅज देअर इज पॉवर.’