३०० तासांचं गणित : रेड कंट्रोलर कार्ड निवडण्याआधी

डेटाबेस सर्व्हरसाठी कुठलं रेड कंट्रोलर कार्ड भरवशाचं? लॅबमध्ये सर्व्हर घ्यायची वेळ आली की हा प्रश्न तुमच्यापुढेही येईल. कंपन्यांची माहितीपत्रकं उघडण्याआधी थोडा इतिहास पाहू. संशोधनात एखाद्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा, हेही त्यातून कळतं.

१९८८ साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. मेनफ्रेमच्या एका महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या, ही त्यातली कल्पना. अडचणही त्यांनीच सांगितली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, तर १०० डिस्कच्या संचात पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत जाणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणून जादा डिस्कवर प्रत किंवा पॅरिटी ठेवायची. एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिची माहिती पुन्हा काढता येते. रेड १ ते ५ या पातळ्या याच निबंधातल्या.

आता कार्ड कुठून आलं? रेड ५ मध्ये छोटीशी नोंद बदलायची तरी चार कामं पडतात: जुनी माहिती वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. डेटाबेस तर अशा छोट्या नोंदी सतत करत असतो. हे ओझं उचलायला कार्डावर स्वतंत्र प्रोसेसर आणि कॅश आली. कॅशमध्ये माहिती पोचली की कार्ड 'लिहिलं' म्हणून मोकळं होतं. डिस्कवर ती नंतर जाते. यालाच राईट-बॅक म्हणतात. मधल्या काळात वीज गेली तर? म्हणून कॅशला बॅटरी आली, आणि पुढे कपॅसिटर व फ्लॅश.

इथेच आम्ही फसलो. लाईट गेली आणि आल्यावर डेटाबेस उघडेना. कार्डावरची बॅटरी कधीच मेली होती. अशा वेळी कार्डाने आपणहून राईट-बॅक बंद करायला हवं; पण वेग कमी होऊ नये म्हणून कुणीतरी 'बॅटरी नसली तरी चालू ठेव' असं सेटिंग करून ठेवलं होतं. शेवटचा बॅकअप सहा दिवसांपूर्वीचा. सहा दिवसांची रीडिंग्ज गेली. कार्ड बिघडलं नव्हतंच, चूक माणसाची होती. टँडम कंपनीच्या जिम ग्रे यांनी १९८५ सालीच यंत्रणा बंद पडण्याची कारणं मोजली होती, त्यात हार्डवेअरपेक्षा देखभालीतल्या चुकांचा वाटा मोठा निघाला होता. आम्ही ते वाचलं नंतर!

आणखी एक गंमत बघा. २००७ साली त्याच गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासोबत प्रत्यक्ष वापरातल्या सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांनुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क जायला हव्यात; प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणं सर्रास होतं. शिवाय डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात, हे सोयीचं गृहीतकही टिकलं नाही. एका डिस्कमागे दुसरी जाण्याची शक्यता आपण धरतो त्यापेक्षा जास्त असते. ३०० तासांच्या गणितामागे हेच गृहीतक होतं, आणि ते तपासायला गेला तो त्याच निबंधाचा एक लेखक.

तेव्हा कार्ड घेताना वेगाआधी चार गोष्टी विचारा. वीज गेल्यावर कॅशमधली माहिती कशी टिकते? बॅटरी संपल्याची सूचना कुणाला जाते? कार्डच मेलं तर तसंच दुसरं मिळेल का, की डिस्क शाबूत असून माहिती अडकून पडेल? डिस्कच्या स्वतःच्या कॅशचं काय? मग डेटा भरण्याआधी लिहिणं चालू असताना मुद्दाम प्लग काढा, आणि 'झालं' म्हणून कळवलेली प्रत्येक नोंद सापडते का ते मोजा. बॅकअप वेगळा ठेवा. चुकून पुसलेली फाईल रेड परत देत नाही.

आणि प्रबंधात कुठलाही आकडा उचलताना एवढं विचारा: हा मोजलेला आहे की गृहीत धरलेला?