फूल नसलेली गांजाची फांदी कुंडीत लावली तर गुन्हा होतो का?

घरातल्या दिव्यांखाली वाढवलेलं गांजाचं रोप फुलं आल्यावर कापलं जातं. काही आठवड्यांनी उरलेल्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात आणि त्यांच्या फांद्या तोडून नवी रोपं केली जातात. परदेशातले असे व्हिडिओ पाहून एक प्रश्न पडू शकतो. ज्या फांदीवर फूलच नाही, ती गांजा कशी? भारतीय कायद्यात याचं उत्तर अगदी स्पष्ट आहे.

कापलेलं रोप पुन्हा का फुटतं?

गांजाच्या बहुतेक जाती दिवस लहान झाला की फुलतात. घरात रोज सुमारे 12 तास सलग अंधार मिळाला की रोप फुलावर येतं. कापणीनंतर बुंध्यावर थोडी पानं आणि जिवंत डोळे उरले असतील आणि प्रकाशाचे तास पुन्हा वाढले, तर रोप फुलोरा सोडून पानं-फांद्यांकडे वळतं. सुरुवातीची पानं विचित्र दिसतात. नेहमीच्या पाच-सात पात्यांऐवजी एकच पातं असतं, तेही पिळवटलेलं. नेहमीसारखी पानं यायला काही आठवडे लागतात.

शेवंतीचंही असंच आहे. तीही लहान दिवसांत फुलते आणि बहर संपल्यावर बुडाशी येणाऱ्या फुटव्यांपासून शेतकरी पुढची लागवड करतात.

फांदीच का लावतात?

बियांपासून नर रोप येईल की मादी, हे आधी सांगता येत नाही. फांदीपासून आलेलं रोप मात्र मूळ रोपाची हुबेहूब नक्कल असतं. मादीच्या फांदीपासून मादीच येते. यात तोटाही आहे. मूळ रोपात रोग असेल, तर तोही फांदीबरोबर येतो. हॉप लेटंट व्हिरॉइड हा गांजावरचा रोग असाच पसरतो.

भारतातला कायदा काय सांगतो?

1985 च्या एनडीपीएस कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवाय असलेल्या बिया आणि पानं या व्याख्येत येत नाहीत. इथेच गल्लत होते. हाच कायदा 'कॅनाबिसचं झाड' याची वेगळी व्याख्या करतो आणि त्यात या प्रजातीचं कोणतंही झाड येतं. त्याला फूल आहे की नाही, हे पाहिलं जात नाही.

कलम 8 नुसार हे झाड लावायला बंदी आहे. कलम 20 (अ) नुसार लागवडीसाठी 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एकच रोप असेल तर?

1 किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाणात' मोडतो आणि त्यासाठी शिक्षा कमी आहे, 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ही वजनाची पायरी गांजा बाळगण्यासारख्या गुन्ह्यांसाठी आहे. लागवडीच्या कलमात अशी पायरीच नाही. म्हणजे कुंडीतल्या एका रोपासाठीही कमाल शिक्षेची मर्यादा 10 वर्षंच. प्रत्यक्षात किती शिक्षा द्यायची, हे न्यायालय ठरवतं.

धागा, बिया किंवा बागायती कामासाठी सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडमध्ये औद्योगिक हेंपसाठी असे परवाने दिले गेले आहेत. ही सोय घरगुती कुंडीसाठी नाही.

मग व्हिडिओतले लोक हे कसं करतात?

काही देशांत मर्यादित परवानगी आहे. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून किमान 6 महिने तिथे राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीला घरी 3 रोपं वाढवता येतात. परवानाधारक संघटनेच्या सदस्याला महिन्याला 5 पर्यंत कलमं मिळू शकतात. पण घरी पिकवलेला गांजा दुसऱ्याला देता येत नाही आणि रोपं मुलांच्या हाती लागणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते.

ही सवलत जर्मनीपुरतीच आहे. बर्लिनच्या बाल्कनीत चालणारी कुंडी पुण्याच्या बाल्कनीत थेट कलम 20 खाली येते.