उंबऱ्यावरचे चौघे

गेल्या दिवाळीला पुण्याहून आलेल्या माझ्या नातवाने फराळाला बसल्या बसल्या प्रश्न टाकला, "आजोबा, जगातला सर्वांत भयंकर विषारी साप कोणता?" त्याच्याजवळ चित्रांचे पुस्तक होते, त्यामुळे उत्तर त्याला ठाऊकच होते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला तायपान! विषाचा थेंब थेंबाशी तोलला तर याच्या पंगतीला बसेल असा जमिनीवरचा दुसरा साप नाही, हे खरेच. पण हे महाशय असे एकांतप्रिय, की १८७९ साली शास्त्रज्ञांनी त्यांचे वर्णन केले आणि पुढे सुमारे नव्वद वर्षे ते जणू बेपत्ताच झाले. १९७२ साली पुन्हा हाती लागले. त्यांच्या दंशाने माणूस दगावल्याची नोंद आढळत नाही.

मी म्हणालो, "बाळ, भयंकर साप पाहायचा तर इतक्या लांब कशाला जायचे? तो आपल्या इस्लापुरातच आहे." सणाच्या दिवशी हे नको, असे सूनबाईंनी डोळ्यांनी सुचवले. मी तेव्हा गप्प बसलो. राहिलेले आता लिहितो.

आमचे इस्लापूर नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात आहे. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. नदीपलीकडे विदर्भ आणि दुसऱ्या अंगाला तेलंगण. १९५६ पर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणून जुन्या माणसांच्या मराठीत तेलुगू शब्द सहज मिसळलेले असत. सागाचे जंगल, ज्वारी-कापसाची शेते, घरात धान्य, धान्यावर उंदीर आणि उंदरांमागे साप, असा हा साधा हिशेब. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे ते चौघे. माणूस मारण्यात या देशात यांचा हात कोणी धरणार नाही. आणि त्याचे कारण विषाच्या जहालपणाइतकेच शेजाराचे आहे.

या चौघांची शास्त्रीय ओळख पटायला बराच काळ लागला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पॅट्रिक रसेल नावाचा एक डॉक्टर होता. कोरोमंडल किनाऱ्यावर त्याने साप जमवले, त्यांची चित्रे काढवली आणि १७९६ साली मोठा ग्रंथ छापला. घोणशीचे 'कटुक रेकुल पोडा' हे तेलुगू नाव त्याने लोकांना विचारून टिपून ठेवले. पुढे शास्त्रज्ञांनी त्या सापाला रसेलचेच नाव दिले! एकोणिसाव्या शतकात सरकारने निराळाच उपाय योजला. रत्नागिरी जिल्ह्यात मेलेल्या फुरशामागे काही पै बक्षीस लावले. सहा वर्षे दरसाल सरासरी सव्वादोन लाखांच्या आसपास फुरशी मारली गेली. तरी कोकणात फुरसे आजही आहेच.

खरा उपाय निघाला तो सैगावात. तिथे आल्बेर काल्मेत हा फ्रेंच डॉक्टर पाश्चर संस्थेचे काम पाहत होता. (क्षयावरच्या बी.सी.जी. लशीतला 'सी' तो हाच.) १८९१ साली पुराच्या पाण्याने नाग एका गावात शिरले आणि अनेकांना चावले. काल्मेत त्या विषाच्या मागे लागला. जनावराला थोडेथोडे विष टोचत गेले की त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते. ते रक्तजल काढून माणसाला टोचायचे, ही त्याची युक्ती. १८९५ पर्यंत हे औषध प्रत्यक्षात आले. आपले औषध सर्व सापांवर चालते असे त्याला वाटे. तो भ्रम मोडणाऱ्यांत आपली मुंबई होती. परळच्या जुन्या लाटसाहेबी वाड्यात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली होती; तिलाच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात. तिथल्या जॉर्ज लॅम्बने दाखवून दिले, की नागाचे औषध घोणशीपुढे लटके पडते. पुढे हाफकिनमध्ये घोड्यांना चारही सापांची विषे टोचून चौघांवर चालेल असे एकच औषध तयार होऊ लागले. कोण चावले हे अंधारात ओळखता आले नाही तरी चालेल, ही त्यातली मोठी सोय.

आता घरातली गोष्ट सांगतो. १९६३ सालचा श्रावण होता. मी दहा वर्षांचा, धाकटी आत्या सोळाची. आम्ही मुले माजघरात जमिनीवर एकाच गोधडीवर झोपत असू. पहाटे आत्या पोटात दुखते म्हणून उठली. आजीने ओवा दिला. अंगावर सूज नाही, जखम नाही, रक्ताचा ठिपका नाही. उजाडले तरी तिच्या पापण्या उघडेनात. आजोबा बाहेरून ओरडले, "ऊठ गं, दिवस केवढा वर आला! किती लोळशील?" ती काही बोलली, पण शब्द जिभेवरच घोटाळले.

मण्यारीचे हेच आहे. ती रात्री हिंडते, झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक, की खूण दिसत नाही आणि दुखतही नाही. तिचे विष मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. आधी पापण्या, मग घसा आणि शेवटी श्वास. माणूस शुद्धीवर असतो. सारे ऐकत असतो.

गोधडी झटकली तेव्हा काळी, पांढऱ्या पट्ट्यांची ती निघाली, मी झोपलो होतो त्या बाजूने. मग जाणता आला. त्याने कडुलिंबाचा पाला चावायला दिला, मंत्र म्हटले. तो लबाड नव्हता. पैसाही घेतला नाही त्याने. पण दोन तास गेले. दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीत आत्याचा श्वास थांबला. तेव्हा परळच्या तबेल्यात घोडे उभे होते आणि औषध बाटल्यांत भरले जात होते. आमच्या माजघरात त्याचे नावही कोणी ऐकले नव्हते.

अशा मरणांची मोजदाद कागदावर नीट होत नसे. २०२० साली संशोधकांनी घरोघरच्या चौकशीवरून अंदाज बांधला: २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. बहुतेक खेड्यांतली, पुष्कळशी घरातच मेलेली. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले ते २०१७ साली. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा भारत सरकारने २०२४ साली काढला. औषधासाठी लागणारे विष बरेचसे तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ साली ती निघाली. पूर्वी सापाच्या कातड्यासाठी साप पकडणारे हे लोक आता विष काढून साप पुन्हा रानात सोडतात.

आजोबांनी त्या सकाळच्या आपल्या शब्दांविषयी कधी काही काढले नाही. तेराव्यानंतर त्यांनी सुताराला बोलावले, घरातल्या माणसांची डोकी मोजली आणि तितक्या बाजा करून घेतल्या. सुंभ ते स्वतः विणत बसले. मोजताना एक बाज जास्तीची झाली होती. ती अजून माजघरात आहे. नातू आला की तिच्यावरच झोपतो.