ओल्या कापसातला महसीर

बदलापूर-सोनिवलीकडच्या उल्हास नदीत थोडे पाणी भीमेच्या खोऱ्यातले असते. ठोकरवाडीचे धरण बांधून आंध्रा नदी अडवली, तिचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडले आणि 1922 पासून बंगालच्या उपसागराकडे जाणारे ते पाणी उल्हासमार्गे अरबी समुद्राला मिळू लागले. ही योजना टाटा वीज कंपनीची; त्याच कंपनीच्या लोणावळ्यातल्या वळवण तलावाकाठी 1970च्या दशकापासून महसीर माशाची पैदास होते. तिथे जन्मलेला महसीरही पुढे आपले खोरे सोडून दूर गेला, आणि त्याचा तो प्रवास ओल्या कापसाने सोपा केला. ही कुळकथा त्या कापसाची आहे.

वीजघर आणि मत्स्यपालन ही जोडी जगात इतरत्रही आहे. रशियात व्होल्गाकाठच्या कोनाकोवो गावात औष्णिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्यावर स्टर्जन वाढवतात. स्वित्झर्लंडमधल्या फ्रुटिगेनला लोचबर्ग रेल्वे बोगद्यात झिरपणारे उबदार पाणी त्याच कामी येते. थंड देशात वाया जाणारी ऊब मोलाची ठरते. आपल्याकडे उबेची वाण नाही. लोणावळ्यात विजेसाठी अडवलेले स्वच्छ, गार पाणी माशांच्या वाट्याला आले. त्या पाण्याची किंमत मात्र आधीच कोणीतरी मोजली होती. टाटांच्या याच वीज योजनांपैकी मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता.

लोणावळ्याच्या या महसीरची शास्त्रीय ओळख पुण्याचीच. कर्नल साइक्सने 1839 साली मुळा-मुठेच्या माशाचे वर्णन छापले आणि इथे कानावर पडलेले ‘खुद्री’ हे नाव त्याच्या लॅटिन नावात घातले. पुढे धरणांनी वाटा अडवल्या, सुरुंगाने मासेमारी झाली आणि मासा विरळ झाला. महाराष्ट्राचे माजी मत्स्यसंचालक चं. वि. कुलकर्णी यांनी त्याच्या अंड्यांचा बारकाईने अभ्यास केला. वळवणला त्यांच्याबरोबर एस. एन. ओगले यांनी कृत्रिम पैदास बसवली. पावसाळ्यात तलावात सापडलेल्या पक्व मादीची अंडी पोट हलके दाबून काढायची, नराचे शुक्रद्रव्य त्यांवर सोडायचे आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवायची.

1979 साली या दोघांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. महसीरची फलित अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने नेता येतात, एवढाच त्याचा विषय. पाण्याने भरलेली पिशवी नको, प्राणवायूचे नळकांडे नको; डबा, कापूस आणि ओल पुरे.

ही युक्ती आली कुठून? सोपे उत्तर असे की भारतातल्या मत्स्यबीज व्यवसायातून आली. हिरालाल चौधरींनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास केली आणि देशभर मत्स्यबीज फिरू लागले. पण मला हे उत्तर पटत नाही. रोहू-कटल्याची अंडी पंधरा-अठरा तासांत फुटतात. ती नेता नेता वाटेतच पिल्ले व्हायची. म्हणून त्या धंद्यात वाहतूक होते ती पिल्लांची, पूर्वी मडक्यांतून आणि आता पिशव्यांतून. अंडी कोरडवाटेने पाठवायचा विचार त्या परंपरेत उगवण्याचे कारणच नव्हते.

दुसरे उत्तर असे की स्थानिक कल्पकतेने हे सुचले. कापूस हाताशी होता, हे खरे. पण अंडे पाण्याबाहेर जिवंत राहते हा विश्वास आधी कुठूनतरी यावा लागतो.

माझ्या मते त्याचे मूळ 1864 सालच्या ‘नॉरफोक’ जहाजावर आहे. इंग्लंडमधून टास्मानियाला सॅमन आणि ट्राउटची अंडी न्यायचे प्रयत्न वारंवार फसले होते. जेम्स यूल यांनी लाकडी पेट्यांत ओले शेवाळ भरले, त्यात अंडी मांडली आणि पेट्या बर्फाखाली ठेवल्या. सुमारे तीन महिन्यांनी जहाज मेलबर्नला लागले तेव्हा हजारो अंडी जिवंत होती. सॅमन टास्मानियात टिकला नाही, ट्राउट टिकला. त्यानंतर साहेबाने ट्राउट जगभर नेला. 1900च्या सुमारास तो काश्मीरमध्ये आला आणि निलगिरीतही रुजला. भारतातल्या मत्स्यखात्यांची जुनी पिढी शीतजलातल्या माशांचे तंत्र या ट्राउटकडूनच शिकली. कुलकर्णी त्या पिढीचे. शेवाळाची जागा कापसाने घेतली, असे मी ठामपणे मानतो.

याला खुद्द अंडेच दुजोरा देते. महसीरचे अंडे मोठे, पिवळे, तळाशी बसणारे, आणि ते फुटायला साधारण तीन दिवस घेते. ट्राउटच्या आठवड्यांपुढे हे थोडे, पण कार्पच्या तासांपुढे पुष्कळ. विमानाला एवढी सवड पुरते. ट्राउटचे तंत्र महसीरला लागू पडले ते या तीन दिवसांमुळे.

आणि याच सोयीत पुढचे संकट होते. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून लोणावळ्याचा महसीर गळ टाकणाऱ्यांच्या हौसेसाठी कावेरीत सोडला जाऊ लागला. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा, कुबडाचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. मत्स्यसंशोधक एड्रियन पिंडर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी दाखवले की बाहेरून आलेला मासा वाढत गेला तसा कुबडवाला आटत गेला. त्याचे शास्त्रीय नाव ‘टोर रेमादेवी’ असल्याचे 2018 साली निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. तोवर एवढ्या प्रसिद्ध माशाला नक्की नावसुद्धा नव्हते. नदीत कोण आहे हे न पाहता पाहुणा सोडला गेला.

कुलकर्णी-ओगल्यांचे काम मी थोर मानतो; वळवणला एक मासा नाहीसा होण्यापासून राखण्याची रीत घडली. मात्र धरणात, नदीत किंवा देवळाच्या डोहात महसीरची पिल्ले सोडण्याचे कार्यक्रम आजही होतात. तुमच्या गावात असा बेत ठरला तर आयोजकांना दोन प्रश्न जरूर विचारा: ही पिल्ले कोणत्या खोऱ्यातली, आणि आपल्या नदीत आधीपासून कोणता मासा आहे? दोन्हींची उत्तरे मिळेपर्यंत पिल्ले सोडू देऊ नका.