न्यूयॉर्कच्या उंदरांमध्ये १८ नवे विषाणू सापडले, म्हणजे नेमकं काय झालं?

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात सापळे लावून संशोधकांनी १३३ उंदीर पकडले. कोलंबिया विद्यापीठातील इयान लिपकिन यांच्या गटाने त्यांचे नमुने तपासले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विज्ञानाला तोवर माहीत नसलेले १८ विषाणू या उंदरांमध्ये होते. सोबत साल्मोनेला, लेप्टोस्पायरा असे ओळखीचे जिवाणूही होते. 'सोल' नावाचा हंटाविषाणू न्यूयॉर्कच्या उंदरांत पहिल्यांदाच आढळला.

यातला काळजी करण्यासारखा भाग सोल विषाणूचा. तो उंदराच्या लघवी-लेंड्यांतून, वाळलेल्या धुळीवाटे माणसाच्या श्वासात जाऊ शकतो. म्हणून माळ्यावरच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. आधी जंतुनाशकाने भिजवून मग पुसून घ्याव्यात.

उरलेल्या १८ विषाणूंबद्दल मात्र घाबरण्याची घाई नको. 'नवा' म्हणजे आपल्याला नवा. उंदरांच्या अंगात तो हजारो वर्षं सुखाने नांदत असू शकतो. तो माणसाला होतो की नाही, हे अशा यादीवरून कळत नाही.

विषाणू शोधतात कसे?

पूर्वी विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवावा लागे आणि अनेक विषाणू तिथे वाढतच नाहीत. आता नमुन्यातलं सगळं जनुकीय साहित्य एकदम वाचलं जातं. त्यातून लाखो तुकडे मिळतात. बहुतेक तुकडे उंदराचे स्वतःचे, त्याच्या पोटातल्या जिवाणूंचे किंवा त्याने खाल्लेल्या अन्नाचे असतात. ते बाजूला काढून उरलेले तुकडे ज्ञात विषाणूंशी ताडून पाहतात. एखादा तुकडा थोडासा जुळतो, पण पूर्ण जुळत नाही, तिथे संशय येतो. मग त्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना जोडून काढतात आणि तो आणखी किती उंदरांत आहे ते वेगळ्या चाचणीने पाहतात. या पद्धतीची एक मर्यादा उघड आहे. कशाशीच न जुळणारा विषाणू तिच्या हातून निसटतो.

पिसवा का तपासतात?

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग पसरला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदराचा प्लेग पिसवांमार्फत पसरतो. न्यूयॉर्कच्या त्याच उंदरांच्या अंगावरून साडेसहा हजारांहून अधिक पिसवा, उवा आणि माइट गोळा झाले. त्यांत प्लेग पसरवणाऱ्या जातीच्या पाचशेहून जास्त पिसवा होत्या. २०१५ च्या अहवालानुसार त्यांच्यात प्लेगचा जिवाणू मिळाला नाही, बार्टोनेला मात्र मिळाला.

पिसवांमध्ये विषाणू शोधणं उंदरापेक्षाही किचकट असतं. पिसूचं पोट उंदराच्या रक्ताने भरलेलं असतं. तिला चिरडून तपासलं आणि विषाणू मिळाला, तर तो कुणाचा? पिसूचा, उंदराचा की पिसूच्या आतल्या एखाद्या सूक्ष्मजीवाचा? ज्याच्या अंगावर ती होती त्या उंदरातही तो आहे का, त्याचे जवळचे नातेवाईक कीटकांत आढळतात की सस्तन प्राण्यांत, हे पाहून अंदाज बांधतात. पिसू तो विषाणू पसरवते, असं म्हणायला तेवढं पुरत नाही. त्यासाठी वेगळे प्रयोग करावे लागतात.

भारतातही असा एक शोध लागला होता. १९६४ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरजवळ एका चिचुंद्रीत थोट्टापलायम विषाणू मिळाला. तो हंटाविषाणू असल्याचं बऱ्याच नंतर उमगलं. (चिचुंद्रीला आपण उंदीर समजतो, पण ती कृंतकांपैकी नाही.)

याचा उपयोग काय?

न्यूयॉर्कच्या यादीतले दोन विषाणू माणसाच्या हिपॅटायटिस सी विषाणूचे नातेवाईक निघाले. त्या आजारावर लस नाही आणि त्याचा विषाणू प्रयोगशाळेतल्या साध्या उंदरांना होत नाही, त्यामुळे संशोधन अडून राहायचं. गटारातल्या उंदराचा हा विषाणू मात्र प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या यकृतात वाढतो, हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. तेव्हापासून यकृताच्या या आजाराचा अभ्यास त्याच्या मदतीने करता येऊ लागला.