खिशांतला दूरध्वनि

शहरांतील कोणत्याहि सुशिक्षित घरीं मेजाचा खालचा खण ओढला, तर बंद पडलेले तीनचार मोबाइल फोन हटकून सांपडतात. मोडींत देण्यास मन धजत नाहीं, आणि चालू करावे तर ज्याचा त्याचा चार्जर मिळत नाहीं. तीस वर्षांचा केवढा तरी इतिहास या खणांत पडलेला असतो.

भारतांत या यंत्राचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजीं झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीस दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशीं संभाषण केलें. त्या काळीं मिनिटास १६ रुपयांपर्यंत आकार पडे, आणि, आज हें कोणास खरेंहि वाटणार नाहीं, आलेला फोन घेणारासहि पैसे मोजावे लागत! फोन वाजला कीं खिशांत तो बाळगणारा गृहस्थ दचके, आकडा पाहून बंद करी आणि नाक्यावरील पी. सी. ओ. गांठून तेथून उलट बोले.

पुढें १९९९ च्या धोरणानें परवान्याचा जड आकार जाऊन उत्पन्नांतील हिस्सा घेण्याची पद्धत आली. दर उतरले, आणि २००३ सालीं येणारा फोन फुकट झाला. त्याच वर्षीं निघालेला, विजेरी जडविलेला नोकिया ११०० घरोघर शिरला.

येणारा फुकट, करावयाचा मात्र पैशाचा; या एवढ्याशा फटींतून ‘मिस्ड कॉल’ची मूक भाषा फोफावली. एकदां वाजून थांबला म्हणजे मुलगा वसतिगृहीं सुखरूप पोंचला. दोनदां, म्हणजे रिक्षा दाराशीं उभी आहे. पुनःपुन्हां वाजूं लागला, म्हणजे इकडे शिल्लक संपली, तुम्हीच बोला. हे संकेत घरोघर निराळे असत, आणि ते कोठें लिहिलेले नसत. तारेचा एकेक शब्द मोजून लिहिणाऱ्यांचींच हीं नातवंडें! सप्टेंबर २०१६ मध्यें जिओनें बोलण्याचा निराळा आकार न घेतां सेवा सुरू केली, इतरांसहि तोच मार्ग धरावा लागला, आणि ती भाषा हळूहळू लोपली.

त्या जुन्या फोनांत संदेश मोजकेच मावत. नव्यास जागा हवी म्हणून जुने पुसावे लागत. त्यामुळें जे उरले, ते मालकानें मुद्दाम राखलेले. रोमन लिपींत लिहिलेली मराठी, ‘जेवलास का?’ एवढाच मजकूर, आणि लिहिणारी आई आतां हयात नाहीं. असा फोन खणांत असतो, पण त्याची बॅटरी फुगलेली असते. शेजारच्याच खणांत आजोबांचीं पोस्टकार्डें असतात; शाई विटली तरी तीं अजून वाचतां येतात.