धनिक उमेदवार आणि सामान्य मतदार

ज्याच्या घरी अन्नवस्त्राची ददात नाही, त्यास गरीब मतदाराचे दुःख कळते काय, हा वाद जुना आहे. इंग्लंडच्या इतिहासात त्याच्या दोन्ही बाजू दिसून येतात.

तेथे १७१० च्या कायद्यान्वये पार्लमेंटच्या सभासदास जमिनीचे वार्षिक उत्पन्न परगण्यासाठी ६०० पौंड व शहरासाठी ३०० पौंड असणे आवश्यक ठरले. तरीही त्या धनिकांच्या सभेत लॉर्ड ॲशले यांच्यासारखा उमराव निघाला. त्यांच्याच आग्रहाने खाणीत राबणाऱ्या मुलांच्या स्थितीची चौकशी झाली आणि १८४२ च्या कायद्याने स्त्रिया व दहा वर्षांखालील मुले यांना खाणीत कामास उतरविणे बंद झाले. तात्पर्य, श्रीमंतीने अंतःकरण बधिर होतेच असे नाही.

परंतु अशा सज्जनाची वाट पाहत बसणे हा न्याय नव्हे. म्हणूनच १८३८ च्या चार्टिस्ट सनदेने मालमत्तेची अट रद्द करावी व सभासदांस वेतन द्यावे, असे मागितले. अट १८५८ मध्ये गेली. वार्षिक ४०० पौंड वेतनास मात्र १९११ साल उजाडावे लागले. बालपणी खाणीत राबलेले कीर हार्डी १८९२ मध्ये निवडून आले, ते वेतनावाचूनच!

आपल्या संविधानाने उमेदवारास मालमत्तेची अट घातलेली नाही. यास्तव ज्ञातिबांधवांनी उमेदवाराची थैली न पाहता, तो केवळ मत मागावयास येतो की आपले ऐकावयासही, हे पाहावे. आणि लायक परंतु निर्धन तरुण उभा राहिल्यास त्यास यथाशक्ति हात द्यावा.